नित्य त्याग आणि नैमित्तिक त्याग : टिळकांचा संन्यास व ‘स्मृतिचित्रे’

ख्रिस्ताच्या मागे जाऊ इच्छिणाऱ्याने स्वतःला नाकारावे आणि आपला वधस्तंभ उचलावा, ही अपेक्षा मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत येते. मात्र हे उचलणे दररोज व्हावे, ही पुस्ती एकट्या लूकच्या नवव्या अध्यायात आहे. एका क्रियाविशेषणाने येथे मोठाच अर्थपालट होतो. वधस्तंभ हे मरणाचे साधन, आणि मरण एकदाच येते. ते रोजचे म्हटल्याबरोबर हौतात्म्याची कल्पना मागे सरते व दिनचर्येची कल्पना पुढे येते. मीमांसकांच्या परिभाषेत सांगायचे तर त्याग हे नैमित्तिक कर्म न राहता नित्यकर्म होते : करण्यात विशेष फळ नाही, न करण्यात दोष मात्र आहे. ख्रिस्ती कृपासिद्धान्ताला कर्माची ही भाषा पूर्णपणे मानवणारी नाही, हे खरे. तरीही मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक अंतर्गत ताण उलगडण्यास ती उपयोगी पडते.

अडचणीचा प्रारंभ शब्दापासूनच होतो. मराठी बायबलाच्या परिभाषेत ‘आत्मत्याग’ हा शब्द रुळला. संस्कृत धर्मशास्त्रात आत्मत्यागी म्हणजे आत्मघात करणारा. वेदान्तात तर आत्मा ही टाकता येण्याजोगी वस्तूच नव्हे, टाकायचा तो अहंकार. मूळ अपेक्षेतील ‘स्वतः’ला मराठीत जागा मिळाली ती या शब्दापेक्षा संतांच्या ‘मीपणा’च्या शब्दकळेत. नारायण वामन टिळक तुकारामांमार्फत ख्रिस्तापर्यंत पोहोचल्याचे सांगत, त्याचा एक अर्थ या भाषिक गरजेशी निगडित आहे.

त्यांच्या आधीच्या पिढीला मात्र त्याग दिसला तो प्रामुख्याने एका घटनेच्या रूपात. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या धाकट्या भावाचे, श्रीपतीचे, प्रकरण न्यायालयात गेले. मुलगा वडिलांच्या ताब्यात देण्यात आला आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घेण्याच्या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. घर सोडणे, जात सोडणे, वारसा सोडणे असा एकदाच घडणारा आणि सर्वांना दिसणारा हा त्याग आहे. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ (१८८४) या आत्मचरित्राचा ओघही बाप्तिस्म्याच्या दिशेने वाहतो. पुढे शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, बेथेल ही वसाहत उभी केली. तेथील रोजच्या जगण्याने मराठी साहित्याच्या इतिहासात ठसा उमटवला नाही. लक्षात राहिला तो खटला. घटनेला कथानक असते, दिनचर्येला नसते. या पिढीच्या वाङ्मयाची मर्यादा काही अंशी कथनरूपाचीच मर्यादा आहे.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघे एकत्र आले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून संन्यास जाहीर केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ या बंधुसमाजाची कल्पना मांडली. या कृतीचे मोल कमी लेखता येणार नाही. परदेशी निधीतून वेतन घेणाऱ्या एतद्देशीय प्रचारकाच्या शब्दाला समाजात किती वजन राहते, हा प्रश्न तिच्या मुळाशी होता, आणि टिळकांनी तो वादविवादाने न सोडविता स्वतःच्या पोटावर घेऊन सोडविला. परंतु त्यासाठी निवडलेला आकार संन्यासाचा होता. परंपरेने संन्यास म्हणजे नित्यकर्मांचाच त्याग. संन्यासी अग्नी सोडतो, घर सोडतो. दोनच वर्षे आधी, १९१५ साली, दुसऱ्या टिळकांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले होते आणि त्यात संन्यासपर अन्वयार्थाविरुद्ध कर्मयोगाची बाजू लढविली होती. एका ग्रंथाचा दुसऱ्या कृतीवर परिणाम झाला असे सुचवायचे नाही. पण संन्यास आणि त्याग यांतील भेद, जो गीतेच्या अठराव्या अध्यायात अर्जुन विचारतो, तो त्या काळात मराठी मनापुढे जिवंत होता, एवढे निश्चित.

संन्यास घेणाऱ्याच्या मागे राहिलेल्या घराचे काय, हा प्रश्नही मराठी परंपरेला नवा नव्हता. विठ्ठलपंतांच्या संन्यासाची आणि गृहस्थाश्रमात परतण्याची किंमत रुक्मिणीबाईंनी व चार मुलांनी मोजली, असे परंपरा सांगते. तुकारामांच्या वैराग्याची कथा सांगणाऱ्यांनी जिजाईला कजाग ठरवून हा प्रश्न निकालात काढला. या बायकांची बाजू त्यांच्याच हातची, सलग गद्यात, मराठीला उपलब्ध नव्हती. ‘स्मृतिचित्रे’ने ती पहिल्यांदा इतक्या विस्ताराने उपलब्ध करून दिली.

१९३४ ते १९३६ या काळात ग्रंथरूप घेतलेल्या या लेखनाचे कौतुक प्रायः साधेपणा, विनोद आणि प्रांजळपणा या तीन शब्दांत आटोपले जाते. तिन्ही गुण त्यात आहेतच. पण पुस्तकाचा आरंभ पाहावा. सत्तावनच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. व्रत एका पुरुषाचे, आणि ते चालविण्याचे कष्ट घरातल्या बायकामुलांचे, ही रचना पहिल्याच पानांत सिद्ध होते. पुढे टिळकांचे औदार्य येते. घरखर्चाचे पैसे दुसऱ्याच्या हाती पडतात, रागाच्या भरात टिळक घर सोडून जातात, दुष्काळात पोरकी झालेली मुले घरात येतात. वडिलांचे सोवळे आणि पतीची उदारता यांत नैतिक अंतर फार मोठे आहे, आणि लेखिकेला ते नेमके कळते. म्हणूनच ती एकाला हसते तसे दुसऱ्याला हसत नाही. तरीही हिशेबाची वही दोन्ही ठिकाणी एकच आहे. कोणी दिले याच्या शेजारी ते कोठून भरून काढले, हे ती लिहून ठेवते.

हे गाऱ्हाणे नव्हे. गाऱ्हाण्यात बोलणारी व्यक्ती स्वतःला बळी ठरविते. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत, आणि स्वतःच्या सोसण्याला त्यागाची बिरुदेही लावीत नाहीत. जात सोडण्याचे त्यांचे वर्णन या दृष्टीने निर्णायक आहे. टिळकांकडे परत आल्यावरही त्यांचे पाणी आणि स्वयंपाक वेगळा राहिला. तो आग्रह हळूहळू, मनातल्या मनात झिजत गेला आणि मगच सुटला. ‘अरुणोदय’च्या आकृतिबंधात जे एका सीमारेषेवर घडते ते येथे पाण्याच्या भांड्याशी, दिवसामागून दिवस घडते. लूकच्या ‘दररोज’ला मराठी गद्यात मिळालेले हे बहुधा सर्वांत समर्थ रूप असावे. ते धर्मग्रंथाच्या भाष्यात सापडू नये आणि स्वयंपाकघरात सापडावे, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

एक आक्षेप येथे संभवतो. हा नित्य त्याग परंपरेने स्त्रीवर लादलेलाच आहे. त्याला ख्रिस्ती आदर्शाचे तेज देणे म्हणजे लादणुकीचे समर्थन. आक्षेप गंभीर आहे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण त्यापुढे ठेवता येते : केडगावच्या मुक्ती मिशनचा संसार चालवीत त्यांनी बायबलाचे मूळ भाषांतून मराठी भाषांतर निवडून घेतले आणि १९२२ साली निधन होईपर्यंत त्यावर खपल्या. तेथे निवड निर्विवाद आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत निवड आणि सक्ती यांची वीण सहज सुटत नाही, आणि ‘स्मृतिचित्रे’चे सामर्थ्य लेखिका ती सोडविण्याची घाई करीत नाही यातच आहे.

टिळकांचा संन्यास दोन वर्षेही टिकू शकला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभीच्या अध्यायांपाशीच थांबले होते. उरलेले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. १९३६ साली त्या गेल्या आणि १९३८ साली ते काव्य प्रसिद्ध झाले.