अहेरीहून विद्यापीठाच्या दारापर्यंत

पदवीधरांच्या याद्या विद्यापीठे छापतात. दारावरून परत गेलेल्यांच्या याद्या कोणी छापीत नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. तीस १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्या बाविसांत माधवराव रानडे होते, हे आपणांस स्मरते. उरलेल्या ११० जणांचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आज त्यांच्याच जातीच्या विद्यार्थ्यांविषयी बोलावयाचे आहे.

नाकारलेला विद्यार्थी पुन्हा दार ठोठावतो की नाही, हे त्याच्या जिद्दीइतकेच त्या दाराच्या अंतरावरही अवलंबून असते. प्राणहितेच्या काठचे अहेरी हे याचे उत्तम उदाहरण होय. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ साली व मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले, तेव्हा त्यांचे विद्यापीठ कलकत्त्यास होते. पुढे ते अलाहाबादेस गेले. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तरी अहेरीच्या मुलास ते परगावच राहिले. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि २०११ साली या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. कलकत्त्यापासून निघालेले हे दार गडचिरोलीस पोहोचावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. आणि तेथूनही अहेरी सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे.

परंतु दार जवळ आले म्हणून ते प्रत्येकास पहिल्याच वेळी उघडते असे नाही. तेव्हा पुढचे मार्ग कोणते, हे पाहिले पाहिजे. आणि मार्ग निवडण्यापूर्वी नकाराचे कारण समजून घेतले पाहिजे. बारावीत एखादा विषय राहिला असेल, तर मंडळाची पुरवणी परीक्षा आहे. शाळाच मध्ये सुटली असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेस बसता येते. गुण आहेत परंतु यादीत नाव नाही, तर पुढच्या फेरीची आणि रिकाम्या जागांची चौकशी करावी, अथवा दुसरे महाविद्यालय वा दुसरा विषय पाहावा. कित्येकदा गुण असतात, जागाही असते, आणि अडते ते जमातीच्या वैधता प्रमाणपत्रापाशी. त्यास बुद्धीचा दोष म्हणता येत नाही, आणि त्याचा उपायही पुस्तकात नसून कचेरीत आहे. घर सोडणेच अशक्य असेल, त्याच्यासाठी १९८९ साली नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. औपचारिक शिक्षण अपुरे राहिलेल्यांसाठी त्याने पूर्वतयारीचा अभ्यासक्रमही काढला होता. आणि यांपैकी काहीच न साधले, तर वर्ष अभ्यासात घालवून पुढील वर्षी पुन्हा अर्ज करणे, हाही मार्गच आहे.

या संदर्भात धोंडो केशव कर्वे यांची हकीकत आठवण्याजोगी आहे. कोकणातील मुरूडहून सह्याद्रीचा घाट ओलांडून ते पायी साताऱ्यास परीक्षेस गेले. नेमलेल्या वयाचा दिसत नाही, एवढ्या कारणावरून त्यांना बसू दिले नाही. ते परत आले. मात्र पुढे कोल्हापुरास तीच परीक्षा देऊन उत्तीर्ण झाले, १८८१ साली मॅट्रिक झाले आणि १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठच उभारले. घरी परतल्यावर कोल्हापूरचा मार्ग त्यांच्यापुढे नसता, तर साताऱ्याचा नकार हाच अखेरचा ठरला असता.

अहेरीच्या मुलापुढे हाच प्रश्न दर पावसाळ्यात उभा राहतो. प्रवेशाच्या याद्या आणि धानाची रोवणी एकाच सुमारास येतात. त्याच दिवसांत पर्लकोटेस पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो. यादीत नाव नाही असे कळलेला मुलगा बांधीत उतरतो, आणि पुढच्या फेरीची तारीख त्याच्या गावी पोहोचण्यापूर्वीच टळून जाते. त्यास नापास कोणीही केलेले नसते. त्यास केवळ वार्ता मिळालेली नसते. म्हणून ज्या गुरुजीने त्याचा पहिला अर्ज भरून दिला, त्यानेच यादी लागताच त्याच्या घरी निरोप पाठवावा, पुढची तारीख सांगावी आणि दुसरा अर्जही आपल्यासमोर भरून घ्यावा.