भयास नांव मिळालें तेव्हां

कोवळ्या वयांतील निष्कारण भय कादंबरीस पूर्वींपासून परिचित आहे. त्यास व्याधि म्हणून ओळखण्यास मात्र तिला बराच काळ लागला. १९५१ सालीं सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ प्रसिद्ध झाली. तींतील होल्डन न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून चालत असतां प्रत्येक आडरस्ता ओलांडतांना आपण पलीकडे पोंचणारच नाहीं या धास्तीनें घामाघूम होतो व मृत भावाचा धांवा करतो. तथापि त्याची कीर्ति झाली ती बंडखोर म्हणून.

१९८० सालीं अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें आपल्या रोगसूचींत भयाचा अकस्मात् झटका, अष्टौप्रहर जाळणारी चिंता, मनांत पुनःपुन्हां घुसणारे विचार यांस चिंताविकार म्हणून स्वतंत्र जागा दिली.

२०१७ सालच्या जॉन ग्रीनच्या ‘टर्टल्स ऑल द वे डाउन’मधील १६ वर्षांची एझा जंतूंच्या भयानें बोटावरची जखम वारंवार उघडते. हा विकार लेखकानें स्वतः भोगिलेला आहे. एझास डॉक्टर आहे, औषध आहे, मायाळू आई आहे. तरी कादंबरी संपतांना ती पूर्ण बरी झालेली नाहीं. आमच्या मतें या कथेचा खरेपणा येथेंच आहे. होल्डनला हांक मारावयास मृत भाऊच काय तो होता. एझाजवळ जिवंत माणसें आहेत.

घरांतील मुलास ‘भित्रा’ म्हणण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं हीं दोन्ही पुस्तकें वाचावीं, अशी आमची विनंति आहे.