ल्यूनाबोटिक्स
ल्यूनाबोटिक्स ही चंद्रावरील माती खणणारे यंत्रमानव घडविण्याची महाविद्यालयीन स्पर्धा असून नासाने ती २०१० मध्ये फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रात सुरू केली. पहिल्या वर्षी १५ मिनिटांत किमान १० किलो माती खणून पात्रात टाकायची होती. चालक मैदानापासून दूर बसून केवळ कॅमेऱ्यांतून दिसेल त्यावर यंत्र चालवितात. यंत्राच्या वजनासाठी गुण कापले जातात. कारण चंद्रावर नेलेला प्रत्येक किलो महाग पडतो. खरी कसोटी मात्र धुळीची. चांद्रमातीऐवजी वापरलेली अ‍ॅरिझोनातील बेसाल्टाची पूड सांध्यांत शिरून यंत्र अडवू शकते. महाराष्ट्राचा काळा पाषाणही बेसाल्टच. त्यात उल्काघाताने बनलेले लोणार विवर चांद्रविवरांशी तुलनेसाठी अभ्यासले जाते. २०११ च्या स्पर्धेत भारतीय विद्यार्थीही उतरले होते.