वीस गोळ्यांपासून एका बारापर्यंत

२०२४ च्या ऑक्टोबरात दोन दिवस सुट्टी टाकून सावंतवाडीजवळच्या गावी गेलो होतो. भात कापणीला आलेलं. पडवीत भिंतीला एक खुंटी रिकामी दिसली. आमच्या शेजारच्या आबांची ठासणीची बंदूक तिथे टांगलेली असते. विचारलं तर म्हणाले, "इलेक्शन लागला मां! जमा केलंय." आणि मग खिशातून घडी घातलेली पावती काढून दाखवली.

आबा सैन्यातून निवृत्त. सत्तर आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी जी रायफल खांद्यावर वागवली ती एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. पावतीकडे बघत ते हसले आणि म्हणाले, "फौजेत ईस गोळयेंची रायफल दिल्यानी, तेवा कोणी माझो इस्वास इचारूक नाय. आता ह्या एका बाराच्या नळयेक पावती."

वाक्य डोक्यात अडकून बसलं. पुण्यात परत आल्यावर दोन-तीन वीकेंड ह्यातच गेले. म्हटलं, लिहूनच काढावं.

आधी ती एसएलआर. मूळ डिझाइन बेल्जियमच्या एफएन कंपनीचं, नाव एफएएल. गोळी सुटली की नळीतल्या गॅसचा थोडा भाग एका पिस्टनला मागे ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवीन आत जातं. तुम्ही फक्त चाप ओढायचा. एका ओढीला एक गोळी, म्हणून सेमी-ऑटोमॅटिक. मॅगझिनमध्ये २० गोळ्या. १९६२ च्या युद्धात आपल्या जवानांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती. तिच्यात दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागतो. समोर चिनी सैनिकांकडे सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइन होत्या. त्यानंतर इछापूरच्या कारखान्यात एसएलआर घाईने बनू लागली. आपल्या लोकांनी ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि बेल्जियन नमुने बघून स्वतःचं मिश्रण तयार केलं होतं, त्यावरून एफएननं तक्रार केली आणि मग समझोता झाला. (रिव्हर्स इंजिनीअरिंग आपल्याकडे आयटीच्या आधीपासून आहे!) नव्वदच्या दशकात इन्सास आली आणि एसएलआर हळूहळू मागे पडली.

आता गंमत बघा. ह्याच एफएएलची आखूड नळीची, घडीच्या दस्त्याची आवृत्ती निघाली, मूळ २१ इंचांऐवजी १८ इंच नळी. अमेरिकेत अनेक राज्यांत ह्या जातीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल सामान्य माणूस दुकानातून विकत घेतो आणि रविवारी रेंजवर जाऊन उडवतो. तिथे नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल तर मात्र १९३४ च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. आखूड नळीला किंमत मोजावी लागतेच. सगळी दारू नळीत जळून संपत नाही, त्यामुळे गोळीचा वेग घटतो, तोंडाशी आगीचा लोळ आणि आवाज दोन्ही वाढतात. मग आखूड कशाला? तर गाडीत, झाडीत, दारातून वळताना सोयीची म्हणून.

आपल्याकडे? १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत लष्कराची थ्री-नॉट-थ्री किंवा ७.६२ ची काडतुसं चालतील अशी रायफल प्रतिबंधित वर्गात आहे. बोल्टवाली असो की सेमी-ऑटोमॅटिक. म्हणूनच आपल्या सरकारी कारखान्यानं नागरिकांसाठी .३१५ बोअरची वेगळी रायफल काढली, जिच्यात लष्कराचं काडतूस बसतच नाही. आणि शेतकऱ्यासाठी? कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिलंय: पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. तीही पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, आणि नळी २० इंचांपेक्षा कमी नको.

म्हणजे १९५९ चा कायदा आबांना जे हत्यार देतो त्याचं तंत्र दीडशे वर्षांहून जुनं. तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं, मागे टोपी बसवायची. मग एक बार. पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात दारू सर्दावली तर फुसका बार. हा वाक्प्रचार कुठून आला ते मला आबांच्या पडवीत कळलं.

हे असं का, ह्याचं उत्तर शोधत मागे मागे गेलो तर थेट सावंतवाडीच सापडली. १८३८ मध्ये संस्थानचा कारभार इंग्रजांनी स्वतःकडे घेतला. १८४४ मध्ये कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी बंड केलं आणि ते घाट उतरून इकडे आलं. फोंड सावंत आणि त्यांच्या साथीदारांनी मनोहर आणि मनसंतोष ह्या जोडकिल्ल्यांच्या आधारानं लढा दिला. खुद्द गादीचे वारस अण्णासाहेब बंडात सामील झाले. जेम्स आउट्रमला इथे यावं लागलं. १८४५ च्या सुरुवातीला किल्ले पडले आणि बंडवाले जंगलातून गोव्यात निसटले. पुढे १८५७ मध्ये कंपनीनं हत्यारं नोंदवून घेण्याचा कायदा केला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी बंदुका द्यायला नकार दिला, तेव्हा त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फौज पाठवून ते गाव चिरडलं. आणि १८७८ मध्ये लिटनचा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार नाही. तो युरोपियनांना लागू नव्हता, हे काँग्रेसवाल्यांना सर्वात जास्त झोंबलं. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्याविरुद्ध ठराव झाला. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कच होता.

मग स्वराज्य आल्यावर काय झालं? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. फाळणीचं रक्त अजून वाळलं नव्हतं. मला तरी त्यांचंच पटतं. पण त्यामुळे १८७८ चा साचा, थोडा धुऊनपुसून, १९५९ मध्ये कायम राहिला. आमच्या भाषेत सांगायचं तर लेगसी कोड. डिफॉल्ट डिनाय.

त्याच लेगसी कोडमध्ये एक अपवाद आहे. घाटाच्या दक्षिणेला कोडगूमध्ये कोडवा समाजाला इंग्रजांनी १८६१ मध्ये परवान्यातून सूट दिली. ती आजही चालू आहे, २०१९ मध्ये केंद्रानं ती २०२९ पर्यंत वाढवली. कोडगूचे लोक सैन्यात जातात, आमचे सिंधुदुर्गचेही जातात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, आंबोली घाट चढून गेलं की आलंच. पण इंग्रजांच्या लेखी कोडगू निष्ठावान होतं आणि सावंतवाडी बंडखोर. दीडशे वर्षांपूर्वीचं ते वर्गीकरण आज कुणी मुद्दाम पाळत नसेलही, पण कायद्याच्या पोटात ते आहे.

इथपर्यंत वाचून वाटेल, मी आबांना एसएलआर द्या म्हणतोय. अजिबात नाही. आबांनाच विचारलं होतं, मिळाली तर घ्याल का? ते म्हणाले, "खुळो की काय तू?" कारण ७.६२ ची गोळी सेकंदाला ८०० मीटरहून जास्त वेगानं सुटते आणि तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. आमच्या वाडीपासून दुसरी वाडी जेमतेम दोनशे मीटर. डुकरावर झाडलेली गोळी कुणाच्या मांगरात शिरेल सांगता येत नाही. गुळगुळीत नळीचे छर्रे मात्र काही शे मीटरच्या आत दम सोडतात. म्हणजे शेतात साधी बंदूक हेच इंजिनीअरिंगच्या दृष्टीनं बरोबर. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय डुक्कर मारताही येत नाही. आबा नुसतीच दारू ठासून बार काढतात. आवाजानं कळप पांगला की झालं.

मग अडचण कुठे? अडचण कॅलेंडरमध्ये आहे. विधानसभेचं मतदान २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये ऑक्टोबरात झालं, २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला. म्हणजे दर पाच वर्षांनी ऐन भातकापणीत. लोकसभेची आचारसंहिता मार्च ते मे, म्हणजे काजूच्या हंगामात, जेव्हा माकडं बागेत उतरतात. त्यात २००२ पासून दोडामार्गात कर्नाटकातून हत्तीही येऊ लागलेत, गवे तर आहेतच. बंदुका सरसकट जमा करू नका, छाननी समितीनं प्रत्येक परवान्याचा वेगळा विचार करावा, असं निवडणूक आयोगाचंच सांगणं आहे. पण समितीपुढे "माका नको, माझा भात उभा हा" हे सांगायला जायचं कुणी? आबा गेले नाहीत. आदेशाची वाटही न बघता बंदूक पुसून, तेल लावून स्वतः देऊन आले. फौजी माणूस.

मला वाटतं खरा प्रश्न हत्यार किती मोठं हा नाहीच. ते लहानच बरं. प्रश्न हा, की ज्या माणसाला देशानं वीस गोळ्या दिल्या, त्याचा एका बाराइतका विश्वास त्याच्याच शेतात, त्या दीड महिन्यात धरता येईल का? छाननीचा नियम कागदावर आहेच. पीकसंरक्षणाच्या परवान्यांची यादी हंगामाआधी समितीनं स्वतःहून बघितली तरी पुरे. कायदा बदलायलाही नको.

असो. त्या रात्री आबा पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन मळ्यात गेले. मीही गेलो. दोनच्या सुमारास पलीकडच्या कुणग्यात खसखस झाली. आबांनी डबा बडवला, मी मोबाइलचा टॉर्च मारला. डुकरं क्षणभर थांबली, आमच्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाऊ लागली.

सकाळी मोजलं. दोन कुणगे गेले होते.