कोल्हटकर वकिलांचा पुरावा

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नाटककार आणि विनोदकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, महाराष्ट्रगीताचे कवी म्हणूनही. त्यांची वकिली मात्र चरित्रकार एका वाक्यात आटोपतात: १८९७ साली एल्एल.बी., मग अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली. ज्या धंद्याने हा माणूस पुण्या-मुंबईच्या रंगभूमीपासून दूर वऱ्हाडात ठेवला, त्याच्याबद्दल इतकेच.

कारण उघड आहे. अमरावतीला १८९० पासून वकिली करणाऱ्या दादासाहेब खापर्ड्यांनी रोजनिशा लिहिल्या. त्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांवरून त्यांचे दिवसच्या दिवस उभे करता येतात. कोल्हटकरांच्या बाबतीत आपल्या हाती मुख्यतः छापील मजकूर आहे: नाटके, लेख, आणि मृत्यूनंतर १९३५ साली निघालेले आत्मवृत्त. आत्मवृत्त उतारवयातले. त्याला त्या-त्या वर्षीच्या कागदाचे वजन देता येत नाही.

मग नाटकांतच वकील शोधावा असा मोह होतो. शीर्षकेच पाहा: ‘गुप्तमंजूष’, ‘जन्मरहस्य’. जणू दिवाणी दाव्यांची नावे. वेषांतर, लपवलेली ओळख, शेवटच्या अंकात उलगडणारे कोडे. कोर्टात रोज हेच ऐकणाऱ्या माणसाला दुसरे काय सुचणार, असे म्हणून टाकावेसे वाटते. मीही ते म्हटले असते, पण तारखा आड येतात. किर्लोस्कर मंडळीने ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले १८९६ मध्ये, म्हणजे कोल्हटकर वकील होण्याच्या आधी. कल्पनारम्य, गुंतागुंतीच्या कथानकाची त्यांची आवड त्यातच दिसते. नाटकाच्या चालीही पारशी रंगभूमीच्या वळणाच्या. कर्ज तिथले आहे, कोर्टाचे नाही. (‘मतिविकार’मधला विधवाविवाहाचा प्रश्न तर त्या काळी प्रत्येक सुशिक्षित घरात चर्चेला होता, त्यासाठी सनद लागत नव्हती.)

एक पुरावा मात्र उलटतपासणीत टिकतो. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये त्यांचा पहिला विनोदी लेख आला, त्याचे नाव ‘साक्षीदार’. तेव्हा कोल्हटकरांना वकिलीत सुमारे पाच वर्षे झाली होती. नाटकांच्या राजपुत्रांना आणि नायिकांना वऱ्हाडातला कुठलाही पत्ता नाही. हा लेख मात्र शीर्षकापासून कोर्टाच्या आवारातला आहे. तारीख जुळते, धंदा जुळतो. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या पात्रांच्या संगतीने पुढे लेख वाढत गेले. १९१० साली अठरा लेखांचे ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ निघाले, नंतर बत्तीस लेखांचे ‘सुदाम्याचे पोहे’. मराठी विनोदी निबंधाची सुरुवात इथून धरतात. ती सुरुवात वकिलाच्या अनुभवातून झाली, एवढे विधान मला या कागदांवर करता येते. त्यापुढचे नाही.

कोर्टाच्या दप्तरांत त्यांचा माग काढायला निघणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि १९०५ च्या जिल्हा-फेररचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून निघून बुलढाण्यात गेले. खामगाव तेव्हा कापसाचे मोठे गाव, जलंबहून १८७० पासून रेल्वेचा फाटा आलेले. तिथे दाव्यांची वाण नसावी. पण १९०५ आधीचे कागद अकोल्याच्या नावावर असणार, नंतरचे बुलढाण्याच्या. १९१३ चे ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हाताशी धरले तर याच माणसाचा आणखी एक उद्योग दिसतो, ग्रहगणिताचा. वकिलीतून त्यासाठी वेळ कसा काढला हे पुस्तक सांगत नाही.

विनोदाचा वारसा गेला तो राम गणेश गडकऱ्यांकडे. ते कोल्हटकरांना गुरू मानत. ‘बाळकराम’ या नावाने त्यांनी हीच वाट पुढे नेली, आणि त्यांनी वकिली कधीच केली नव्हती.