शिक्के, मातीच्या मूर्ती आणि परळची माणसं

परळहून लालबाग, चिंचपोकळी करत डॉ. आंबेडकर रस्त्याने सरळ निघालात, की भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय लागतं. म्हणजे आपल्या रस्त्यावरचंच म्युझियम. बागेत आपण सगळे गेलोय. या इमारतीत किती जण शिरलो? माझ्या संशोधनाचा प्रश्न इथूनच सुरू होतो: आत आपलं काय आहे?

तसं बरंच आहे. १८७२ मध्ये हे 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' म्हणून उघडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य सेसिल बर्न्स इथले क्युरेटर होते. इथल्या जाती, धंदे, पेहराव दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती बघाच, काम फार बारीक आहे. पण वसाहतीच्या नजरेला ही माणसं म्हणजे 'नमुने'. जात कळते, धंदा कळतो, माणूस कोण ते कळत नाही.

१९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं. पाटी बदलली, कपाटं तीच राहिली. मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली, तेव्हा संग्रहालयाने एक वेगळी वाट धरली. आजच्या कलाकारांना बोलावून जुन्या संग्रहाला उत्तर द्यायला सांगितलं. मला त्यातलं सगळ्यात भिडलेलं काम २०१३ चं, रीना सैनी कल्लाट यांचं. त्यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर रबरी शिक्क्यांचं अवाढव्य कोळिष्टक टांगलं. शिक्क्यांवर होती शहरातल्या रस्त्यांची बदललेली, जुनी नावं. (आपला आंबेडकर रस्ताही दादरच्या पुढे एकेकाळी किंग्सवे होता!) गंमत बघा, शिक्का समजायला कलेचं शिक्षण लागत नाही. रेशन कार्ड काढलेल्या प्रत्येकाला तो कळतो. आणि ते काम भिंतीच्या बाहेर होतं.

तरी मला एक गोष्ट खटकते. गॅलऱ्यांमधून ओळखीचे झालेले कलाकार बोलावले, की गॅलऱ्यांमध्ये जाणारा प्रेक्षक येतो. गिरणगावाकडे इतिहास सांगण्याची स्वतःची कला होतीच की. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तिथे कामगार नमुना नव्हता, सांगणारा होता. परळच्या दामोदर हॉलमध्ये कोकणातून आलेल्या माणसांनी नमन आणि शक्ती-तुऱ्याचे प्रयोग रंगवले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण डफ हातात धरणारे सगळेच काही गेले नाहीत.

अशा शाहिराला त्या मातीच्या मूर्तींसमोर उभं करून 'आता तुम्ही सांगा' म्हटलं, तर तो काय सांगेल? नमन बसवणाऱ्या मंडळाने त्या कपाटातलं एखादं पात्र उचललं, तर त्याला नाव काय देईल? सध्या मी हाच धडा लिहितेय. तुमच्या घरात कुणी कलापथकात किंवा गिरणीच्या भजनी मंडळात असेल, तर मला जरूर कळवा. परळला मी कुठल्याही चाळीत यायला तयार आहे.