धातू जाण्याचे भय

१९३४ सालच्या एप्रिल महिन्यात मुंबईच्या एका न्यायालयाने ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे यांना २०० रुपये दंड ठोठावला. वाचकांनी आपल्या कामजीवनाविषयी विचारलेल्या खाजगी प्रश्नांना कर्व्यांनी छापील उत्तरे दिली होती आणि ती अश्लील ठरली. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाचा विषय होता, समलिंगी आकर्षणाचा होता. आरोपीच्या बाजूने उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला त्यांना जिंकता आला नाही. परंतु असले प्रश्न ज्या भयातून उपजतात, त्या भयाचा इतिहास या खटल्यापेक्षा पुष्कळच जुना आहे.

हे भय आपल्याकडे दोन शब्दांत सांगितले जाते : ‘धातू जातो’. तरुण मुलगा सुकत चालला, त्याला थकवा वाटू लागला, अभ्यासात लक्ष लागेना, की तो मनातल्या मनात हेच निदान करतो. झोपेत वीर्यपात झाला, म्हणजे स्वप्नावस्था झाली, की आयुष्यातले काही कायमचे वाहून गेले असे त्याला वाटते. वडिलांजवळ तो बोलू शकत नाही. डॉक्टरांजवळ बोलण्याची लाज वाटते. मग उरतात धातुपुष्टीच्या जाहिराती.

या कल्पनेचे मूळ आयुर्वेदाच्या धातुविचारात शोधले जाते, आणि ते काही अंशी खरेही आहे. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असे सात धातू एकापासून एक पोसले जातात आणि अन्नरसाचे शुक्र व्हावयास सुमारे एक महिना लागतो, असे सुश्रुतसंहिता मानते. सर्वांत शेवटी जे तयार होते ते सर्वांत मोलाचे, हे अनुमान मग ओघानेच येते. मात्र याच शास्त्राच्या आठ अंगांपैकी एक अंग वाजीकरणाचे आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. ज्या परंपरेने कामसुखाला वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा दिली, तिच्याच नावाने मुलांना घाबरविण्यात आले. १९५० नंतर राजस्थानातील खेड्यांत राहून आलेले मानसवैद्य मॉरिस कारस्टेअर्स यांना लोकांनी सांगितले की, वीर्याचा एक थेंब बनण्यास रक्ताचे चाळीस थेंब आणि चाळीस दिवस लागतात. त्यांच्या १९५७ सालच्या ग्रंथात ही समजूत नमूद आहे.

पण हा दोष एकट्या पूर्वेचा नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये ‘ओनानिया’ नावाची एक निनावी पुस्तिका निघाली. हस्तमैथुनाच्या भयंकर परिणामांचे वर्णन आणि त्यावरील औषधाची विक्री या दोन्ही गोष्टी तिने एकाच हाताने केल्या. पुढे १७६० साली लोझानचे वैद्य तिसो यांनी त्याच भयाला शास्त्राचा झगा चढविला. एक औंस वीर्य गमावणे हे चाळीस औंस रक्त गमावण्याहून अधिक हानिकारक, असा त्यांचा हिशेब होता. राजस्थानातही चाळीस आणि लोझानलाही चाळीस! हा आकडा कोणी कोणाकडून घेतला हे शोधण्यात अर्थ नाही. भिणाऱ्या माणसाला मोठा आणि गोल आकडा लागतो, एवढे खरे. तिसोंचा ग्रंथ युरोपभर वाचला गेला आणि शंभर वर्षे शाळामास्तर, पाद्री आणि डॉक्टर त्याची री ओढीत राहिले. इंग्रज शल्यवैद्य सर जेम्स पॅजेट यांनी १८७० च्या सुमारास स्पष्ट सांगितले की, हस्तमैथुनाने होणारी हानी तितक्याच वेळा केलेल्या समागमाहून अधिक नाही. बहुतेक रुग्णांना खरा त्रास होतो तो भीतीचा. त्यांचे थोड्यांनीच ऐकले.

शरीराची व्यवस्था प्रत्यक्षात अगदी साधी आहे. एका वेळी बाहेर पडणारे वीर्य सुमारे दोन ते पाच घनसेंटिमीटर असते. त्याचा मोठा भाग वीर्यकोश आणि पुरस्थ ग्रंथी यांचा स्राव असतो. वृषणांतून आलेले शुक्रजंतू त्यात अगदी थोडी जागा व्यापतात. एक शुक्रजंतू परिपक्व होण्यास दोन ते अडीच महिने लागतात हे खरे, पण असे कोट्यवधी जंतू रोजच तयार होत असतात. साठवून ठेवावी अशी ही पुंजी नव्हे. लघवीत दिसणारा पांढरा गढूळपणा हा पुष्कळदा फॉस्फेट क्षारांचा असतो. त्यालाच धातू समजून किती माणसांनी झोप घालविली असेल!

खोट्या भयाशेजारी खरे रोगही होते, हे मात्र विसरता येत नाही. परमा आणि गरमी हे शब्द घरोघर ठाऊक होते, जरी ते कुजबुजूनच उच्चारले जात. गरमीला सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या ‘भावप्रकाशा’त ‘फिरंगरोग’ म्हटले आहे. तो फिरंग्यांच्या संसर्गाने येतो असे सांगितले आहे. इटालियन लोक त्यालाच फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच तो नेपल्सच्या माथी मारीत. परम्याचा जंतू १८७९ साली सापडला, गरमीचा १९०५ साली. पेनिसिलिनने गरमी बरी होते हे १९४३ मध्ये दिसून आले. म्हणजे कर्वे लिहू लागले तेव्हा हा उपाय अजून पुष्कळ दूर होता. शिवाय ज्याला खरोखर परमा झाला आहे तो आणि ज्याला केवळ स्वप्नावस्था झाली आहे तो, दोघेही एकाच भोंदू वैद्याच्या दारात उभे राहत. पहिल्याचा रोग वाढे, दुसऱ्याचे पैसे जात.

या दोघांना वेगळे करणे हेच कर्व्यांच्या कार्याचे एक अंग होते. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक त्यांनी पहिल्यासाठी लिहिले. दुसऱ्याला ते मासिकातून उत्तर देत. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे. या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील जागा त्यांना सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. त्यांचे गद्य गणितज्ञाचे आहे : अलंकार नाही, दिलासा देण्याचा आव नाही. तरीही भेदरलेल्या माणसाला त्यातून मिळाला तो दिलासाच. आपला प्रश्न छापला जाऊ शकतो, म्हणजे तो दुसऱ्या कोणालाही पडलेला असू शकतो, हेच त्याला पुष्कळ होते.

न्यायालयाला नेमके हेच खटकले. असले प्रश्न छापून उत्तर देण्याची गरजच काय, असा आक्षेप होता. ज्ञान दिल्याखेरीज विकृती हटणार कशी आणि विचारणाऱ्याला उत्तर नाकारून काय साधणार, असा आंबेडकरांच्या युक्तिवादाचा आशय होता. कर्व्यांना अशी शिक्षा पहिल्यांदाच होत नव्हती. त्याआधीही ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल त्यांनी दंड भरला होता. पदरचे पैसे घालून त्यांनी मासिक चालूच ठेवले. पत्नी मालतीबाई नोकरी करून संसार सांभाळीत, हे त्या मासिकाच्या जमाखर्चात कोठे लिहिलेले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले. नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला.

त्यानंतर सातच वर्षांनी, १९६० मध्ये, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या भयाला वैद्यकात नाव दिले : ‘धात सिंड्रोम’. थकवा, चिंता, खिन्नता, क्वचित दुर्बलतेची भावना. आणि या साऱ्याचे कारण वीर्यनाश, अशी रुग्णाची पक्की खात्री. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत हे नाव समाविष्ट झाले. उपचार असा की प्रथम रुग्णाचे सर्व ऐकून घ्यावयाचे, हसावयाचे नाही. लघवी तपासून अहवाल त्याला दाखवावयाचा. शरीराची रचना समजावून द्यावयाची. आणि खिन्नता खोल असेल तर तिच्यावर औषध द्यावयाचे. आजही मोठ्या रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत असे रुग्ण येतात. पुष्कळांनी त्याआधी दोन-चार ठिकाणी पैसे घालविलेले असतात, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिली काही मिनिटे ते पाठदुखीविषयीच बोलत राहतात.